जावयाच्या वाणातलं कार्ड

आमच्या दाजींच्या घरात आजपर्यंत एकही वस्तू वारलेली नाही. आजारी पडते, अंथरुणाला खिळते, पण जात नाही. दाजी तिला जाऊच देत नाहीत. देगलूरला त्यांच्या दारात तुम्ही जी बेल दाबता ती मुळात एका स्कूटरचा हॉर्न आहे. पंख्याचं बटण मिक्सरचं आहे, आणि मिक्सर ज्या बटणावर चालतो त्याचं मूळ गाव कोणतं, हे आता खुद्द दाजींनाही सांगता यायचं नाही. मी लातूरहून बहिणीकडे गेलो की तिला विचारल्याशिवाय भिंतीवरच्या कशालाही हात लावत नाही, कारण एकदा मी न्हाणीघराचा दिवा म्हणून बटण दाबलं आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माझ्या बायकोच्या उशाशी भक्तिगीतं सुरू झाली. बरं, माणूस चिकट म्हणावा तर तेही नाही. घरात नवी वस्तू आली की दाजी ती कुणालातरी देऊन मोकळे होतात. माझ्या बहिणीनं हौसेनं घेतलेला नवा मिक्सर त्यांनी शेजारच्या सुनेला डोहाळजेवणात देऊन टाकला. "आपला चालतोय की अजून. खामखा त्याची इज्जत कशाला घालवायची?" म्हणाले. बहीण पुढचा आठवडाभर त्यांच्याशी फक्त भाच्यामार्फत बोलत होती, आणि दाजींच्या ते लक्षातही आलं नाही.

पण ह्या सगळ्या गोतावळ्यात दाजींचा खरा जीव आहे तो त्यांच्या लॅपटॉपवर. माझी भाची दुसरीत होती तेव्हा तो घेतलेला. दाजी हायस्कुलात विज्ञान शिकवतात, आणि गल्लीत पहिला लॅपटॉप त्यांच्याकडे आला तेव्हा तो बघायला माणसं पेढे घेऊन आली होती म्हणतात. आता त्याचं झाकण पाठीमागे विटेचा टेकू दिल्याशिवाय उभं राहत नाही, बॅटरी कधीच गेली, आणि एक कळ निखळली तिथं शर्टाचं बटण चिकटवलेलं आहे. तो सुरू व्हायला किती वेळ लागतो हे घड्याळात बघायची गरज नसते. दाजी कळ दाबतात आणि आत हाक मारतात, "अगं, लावलाय गं, चहा टाक!" चहा होतो, गाळला जातो, कपबश्या येतात, माणसं पिऊन होतात, मग पडद्यावर उजेड येतो. कुणी घाई केली तर दाजींना वाईट वाटतं. "दम धरा की हो पाव्हणं, उठायलंय ते. तुम्हाला झोपेतनं उठवल्याबरोबर कुणी हिशेब विचारला तर सांगताल का?" फारच अडलं तर मात्र त्यांची मराठी संपते आणि ते त्याच्यावर वाकून तेलुगूत विचारतात, "एमैंदिरा?" काय झालं रे बाबा, असं. देगलूरच्या बाजारात लहानाचे मोठे झालेले. मराठीत त्यांना रागावता येत नाही, आणि त्या लॅपटॉपवर तर कुठल्याच भाषेत नाही.

ह्या लॅपटॉपच्या पोटात काय आहे? तर सगळं घर आहे. दाजींना चित्रीकरणाचा नाद. लग्नं, बारसी कुणीही काढतं. दाजी काढतात ते बहिणीचं चकल्या पाडणं, भाचीचं सायकल शिकताना उकिरड्यात पडणं, म्हशीनं खुंटा उपटून शाळेत जाणं, आणि मी दुपारी जेवून घोरत असताना माझ्या तोंडावर बसलेली माशी. हे शेवटचं ते पाहुण्यांना आग्रहानं दाखवतात. प्रत्येक तुकड्यात कॅमेऱ्यामागून दाजींचा आवाज असतोच. "चालू हाय, चालू हाय, इकडं बघ माय, हास की जरा!" इतक्या वर्षांच्या चित्रणात दाजी स्वतः कुठंच नाहीत, नुसता हा आवाज. मी कितीदा चिडवलंय, की दाजी, तुमच्या नातवंडांना वाटंल आजोबा म्हणजे आकाशवाणी होती. त्यावर ते पोट धरून हसतात आणि लगेच माझं हसणं काढायला कॅमेरा शोधायला जातात.

तर ही भाची नर्सिंग शिकली, जर्मन शिकली आणि जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली. तिचा अभ्यास घ्यायच्या नादात दाजीही जर्मन शिकले, म्हणजे सकाळी गवळ्याला 'गुटन मॉर्गन' म्हणण्याइतकं. तिच्या निघण्याचा दिवस ठरला. सामानाची यादी झाली, लोणची-चटण्यांची मारामारी झाली, आणि सगळं झाल्यावर पोरगी म्हणाली, "पप्पा, मला ते सगळे व्हिडिओ पाहिजेत. एकूण एक. तिकडं मला करमायचं न्हाई त्यांच्याशिवाय." दाजींनी आयुष्यात एवढी मोठी मागणी ऐकली नव्हती. त्यांनी तिनं आणलेली नवी कोरी हार्ड डिस्क लॅपटॉपला लावली, चहा टाकायला सांगितलं, आणि लॅपटॉपनं गोगलगायीच्या चालीनं उतरवायला सुरुवात केली. मधेच अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून. असं दोनतीनदा झाल्यावर भाचा म्हणाला, आतली डिस्कच खोलून काढू आणि दुसऱ्या मशीनला लावू. दाजी पांढरे पडले. "तेवढ्या एका डिस्कवर माझी जिंदगी हाय, आणि ती बी आता कुरकुरायलीय. खोलताना काही झालं तर? पोरीला काय देऊ मग, लोणचं?"

त्यात आला धोंड्याचा महिना. आमच्याकडं ह्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण; त्याला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आहेर करायचा, वाण द्यायचं. मी ठरवलं, यंदा दाजींना नवा लॅपटॉपच द्यायचा. फोनवर तसं सांगितलं. मग मला विज्ञानाचा तास ऐकावा लागला. "पाव्हणं, टाकीत पाणी लई हाय, फकस्त तोटी बारीक हाय. तोटी बदला, टाकी कशाला फोडता? माझ्या लॅपटॉपला बाजूला एक फट हाय. तिच्यात बसणारं कार्ड मिळतंय. पत्त्याच्या पानाएवढं असतंय, एका टोकाला दोन नवी पोर्टं. ते सरकवलं की म्हातारं पळतंय बघा." ह्या कार्डासाठी ते नांदेडची दुकानं पालथी घालून आले होते. दुकानदार म्हणाले, "सर, ही फट असलेलं मशीन तुम्ही वापरून राहिलात? आम्ही तर फोटोत बघितलंय." दाजींना त्याचाच अभिमान. शेवटी ते कार्ड कुठल्याशा कोपऱ्यातनं शोधून मीच लातूरच्या पत्त्यावर मागवलं.

आता आमची आई. वाणात कार्ड द्यायचं म्हटल्यावर ती अडून बसली. अधिकाचं वाण जाळीदार लागतं, अनारसे, बत्तासे, म्हैसूरपाक असं. भोकं नसलेली वस्तू चालत नाही. तिनं चष्मा लावून कार्ड उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ह्याला भोकं हायत का?" मी म्हणालो, दोन आहेत. "मग चालतंय." चांदीच्या निरांजनाशेजारी अनारशांवर ते कार्ड ठेवलं गेलं, त्याला हळदीकुंकू लागलं, आणि आमच्या नारायणानं जोडीनं ओवाळून घेतलं. माझ्या उभ्या जन्मात मी जावयाला अंगठीसाठी रुसताना पाहिलंय, गाडीसाठी रुसताना पाहिलंय, पण दोन पोर्टांसाठी डोळ्यांत पाणी आलेला जावई हा एकटाच. दाजींनी दस्ती काढली, कुंकू हलक्या हातानं टिपलं, कार्ड तिच्यातच गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. देगलूर येईपर्यंत त्यांचा हात त्या खिशावरून हलला नाही.

पोरीच्या निघण्याला एकच दिवस उरला होता, आणि तिला निरोप द्यायला मीही त्यांच्याबरोबरच गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे हैदराबादच्या विमानतळाकडं गाडी निघायची. आदल्या दिवशी सकाळी आंघोळ करून दाजी लॅपटॉपपुढं बसले, कार्ड फटीत सरकवलं, आणि ते अर्ध्यावर जाऊन थांबलं. पुढं जाईना. काढलं, पुसलं, पुन्हा घातलं, तिथंच अडलं. भाचा म्हणाला, मापच चुकलं. मी म्हणालो, कार्डच खोटं निघालं, पैसे परत मागतो. पोरगी दारात उभी होती, तिच्याकडं दाजींना बघवेना. "एमैंदिरा," पुटपुटले, पण ह्या वेळी ती विचारपूस नव्हती, विनवणी होती. मग त्यांनी फटीत विजेरी मारली, डोळा लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "अगं, इकडं ये. दसऱ्याला तू ह्याची पूजा कशी करतीस?"

बहीण म्हणाली, "कशी म्हंजे? पाटावर ठेवते, हळदकुंकू लावते, अक्षता वाहते."

"अक्षता कुठं वाहतीस?"

बहिणीनं भोळेपणानं त्या फटीकडं बोट दाखवलं. "तिथंच की. मला वाटलं, तेच त्याचं तोंड हाय. देवाच्या पुढ्यात टाकायच्या म्हंजे तोंडापुढंच टाकाव्या लागतात ना?"

मी कपाळाला हात लावला. फटीचं प्लास्टिकचं झाकण दाजींनीच कधीकाळी काढून डुगडुगणाऱ्या टेबलाखाली सारलं होतं, आणि तेव्हापासून दर दसऱ्याला माझी बहीण त्या मशीनला श्रद्धेनं तांदूळ भरवत होती. दुसरा कुणी नवरा असता तर घर डोक्यावर घेतलं असतं. दाजी एवढंच म्हणाले, "तरीच एवढी वर्षं टिकलं ते. उपाशी न्हाई ठेवलं तू त्याला." मग वायर उपटली, सायकलचा पंप मागवला, नळी फटीला धरली आणि भाच्याला म्हणाले, मार. पिवळीधम्मक धूळ उडाली आणि तिच्यामागून अक्षतांचे दाणे टपटप टेबलावर. अडकलेले त्यांनी चिमट्यानं एकेक करून काढले. सगळे दाणे तळहातावर गोळा केले, कपाळाला लावले आणि बहिणीच्या ओंजळीत दिले. "पायदळी येऊ देऊ नको, दसऱ्याच्या हायत." आणि कार्ड सरकवलं. कट् असा आवाज झाला. दाजींचा हात तसाच कार्डावर राहिला.

चहा झाला, लॅपटॉप जागा झाला, कार्डाबरोबर आलेली इवलीशी सीडी त्यानं कुरकुरत का होईना वाचली, आणि दाजींनी हार्ड डिस्क नव्या पोर्टात लावली. काय सांगू तुम्हाला! म्हातारं सुटलं ते सुटलंच. दाजींनी दोन खुर्च्या मांडल्या, एक स्वतःसाठी, एक पोरीसाठी. तिला हाक मारली, "ये माय, बस इथं. काय काय उतरायलंय बघ. तुझं सायकलवरनं पडलेलं आत्ताच गेलं." आतून आवाज आला, "आले पप्पा, बरण्या तेवढ्या बांधून येते." पुन्हा हाक मारली, शेजारच्या बायका औक्षण करायला आल्या होत्या. मग मैत्रिणी आल्या, मग बॅगेचं वजन जास्त भरलं, दोन चटण्या बाहेर निघाल्या, त्यावरून आईलेकींचं वाजलं. दाजी एका खुर्चीवर बसून, दुसऱ्या खुर्चीवर हात ठेवून, पडद्यावर सरकणारी पट्टी बघत होते. दुपारच्या चहाआधीच पट्टी संपली. एकही अडथळा नाही, एकही तुकडा राहिला नाही.

मी त्यांची पाठ थोपटली. म्हणालो, जिंकलात दाजी. मला वाटलं, आता कॅमेरा शोधायला उठतील. ते उठले नाहीत. इकडंतिकडं कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "पाव्हणं, लईच लौकर झालं हो. मला वाटलं होतं सांज होईल. तेवढा येळ ती बसली असती जवळ." ज्या माणसानं ह्या वेगासाठी नांदेड पालथं घातलं, त्याला तो वेग मिळाला होता आणि पोरगी अजून आत बरण्याच बांधत होती.

तेवढ्यात ती ओढणीला हात पुसत आली. "अय्या, झालं पण?" म्हणाली आणि डिस्क काढायला वाकली. दाजींनी तिचा हात धरला. शाळेत मुलांना सांगतात तसल्या गंभीर आवाजात म्हणाले, "असं लगेच काढायचं नसतंय. नीट उतरलंय का न्हाई ते तपासावं लागतंय. एकेक उघडून. पहिल्यापासून." असं काही करायची गरज नसते, हे मला ठाऊक होतं, भाच्याला ठाऊक होतं आणि आमच्यापेक्षा चांगलं त्या पोरीला ठाऊक होतं. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग आत वळून ओरडली, "मम्मी, बॅग तू भर गं, मला टाईम न्हाई!" खुर्ची ओढली, दाजींना अगदी खेटून बसली आणि म्हणाली, "हाव पप्पा, तपासावंच लागतंय. लावा पहिला. आणि घाई करू नका."