मामाजींचा हॉस्पिटल-राऊंड

रायपुरात कोणा ओळखीच्याला सलाईन लागावं आणि माझ्या बायकोचे थोरले मामा तिथे पोहोचू नयेत, असं आजवर झालेलं नाही. पोहोचल्यावर त्यांनी पेशंटच्या तोंडाकडे आधी पाहिलं, असंही झालेलं नाही. सफरचंदं नाहीत, नारळपाणी नाही, थेट कॅन्युला. म्हणजे हातावर पट्टीखाली असते ती सलाईनची नळी. तिच्या वरच्या कातडीला पंजाची उलटी बाजू टेकवून मामाजी डोळे मिटतात आणि अख्खा वॉर्ड गप्प होतो. उभी हयात रेल्वेत डबे तपासण्यात गेली. गाडी थांबली की चाकाजवळच्या लोखंडी पेटीला असाच हात लावून ती तापली का ते बघायचं. "तळव्याचा भरोसा नाही जावईबापू, तो काम करून करून बहिरा होते," हे त्यांचं शास्त्र. रिटायर झाल्यावर गाड्या संपल्या, म्हणून आम्ही सापडलो.

खिशात बॉलपेन असतंच. नळी जुनी झाली की पिकते, म्हणून पट्टीवर ती टोचल्याची तारीख नसली की ते सिस्टरपुढे पेन धरतात. गुढियारीच्या एका दवाखान्यात ते जिन्यात दिसले, की सिस्टर "अंकल आ गए" म्हणत तारखा टाकत सुटतात. शेजारच्या खाटांवरचे अनोळखी हातही ते सोडत नाहीत. बीरगांवच्या एका मराठी बाईंनी त्यांना मोठे डॉक्टर समजून गुडघ्याचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "गुडघ्याचं डॉक्टरले सांगा. मी फक्त नळीपुरता आहो." ब्राह्मणपाऱ्यातल्या एका लग्नात नवरदेवाचे काका हॉस्पिटलातून दोन तासांची सुट्टी काढून आले होते, नळी लांब बाहीत लपवून. मामाजींनी हात हातात घेतला, तो गरम लागला. काकांना भरल्या पंगतीतून उठवून त्यांनी स्कूटरवर घातलं आणि परत हॉस्पिटलात नेलं. पानातली जिलेबी तशीच राहिली, आणि काका अजून माझ्याकडे रागाने बघतात.

माझी आई न्यूमोनियाने ॲडमिट झाली तेव्हा मी त्यांना कळवलंच नाही. खरं सांगतो, मला त्यांची लाज वाटायची. चौथ्या दिवशी आईचा उतरलेला ताप पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, छातीचंच असेल. दुपारी मामाजी हजर. पंजा टेकवला, डोळे मिटले, मग पट्टीची कड उचलून मला दाखवलं. नळीच्या वरची शीर लाल झाली होती, दोरीसारखी कडक.

"हे काढा."

सिस्टर बिचारी वैतागली. "माताजी की नस ही नहीं मिलती अंकल. तीन बार में लगी थी."

आई रडवेली झाली. "राहू दे रे, पुन्हा टोचू नका."

मी म्हणालो, "मामाजी, उद्या बघू."

ते पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले. "उद्या काहून? गरम आज आहे न."

नळी निघाली आणि मागोमाग पू आला. दुसऱ्या हाताला नवी लागली, औषध बदललं. दोन दिवसांनी ताप उतरला आणि चहात साखर कमी आहे म्हणून आईने मला झापलं.

त्या संध्याकाळी मामाजींना सोडायला खाली गेलो. माफी मागायची होती, जमेना. म्हणून विचारलं, हे हात बघणं कधी सुरू झालं. ते स्कूटरची किल्ली शोधत राहिले.

"तुमच्या मामीले सलाईन लागली होती न, तेव्हापासून."

मामींना मी फोटोतच पाहिलंय. जंतू रक्तात गेल्याने गेल्या, एवढंच घरात ऐकलेलं.

"आठ दिवस तिचा हात धरून बसलो होतो जावईबापू," मामाजी म्हणाले. "पण दुसरा. सलाईनचा दुखते म्हणे, म्हणून त्याले मी हातच नाही लावला."