बंद वाटेवरचा शेंदूर

ती घटना आठवली की आजही मान वर होत नाही.

मी खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आता या वयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलो आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्यात काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. खुनाचे आणि दरोड्याचे तपासही मी पाहिले. पण लिहायला बसलो तेव्हा आधी हेच प्रकरण आठवले, ज्यात शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. कुणाचेही नाव इथे लिहीत नाही.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी, मोठ्या सोसायट्यांच्या मागे, एक जुनी वस्ती आहे. वस्तीच्या मागून डोंगरावर पायवाट जाते. पावसाळ्यात वनविभाग ही वाट बंद करतो. तसा बोर्ड लावलेला असतो आणि बांबू आडवा बांधलेला असतो. तरी दर रविवारी पहाटे अंधेरी-पवईकडून गाड्यांच्या टपावर सायकली बांधून पोरे यायची. बांबू उचलायची, वर चढायची आणि ओल्या उतारावरून सुसाट खाली यायची. जाड टायरांनी मऊ मातीत चर पडायचे आणि पुढच्या पावसाचे सगळे पाणी त्या चरांतून थेट वस्तीत उतरायचे. आदल्या पावसाळ्यात त्याच पाण्याने एका खोलीची मागची भिंत बसली होती. आतली बाळंतीण जेमतेम वाचली.

मी तेव्हा त्या भागातल्या ठाण्यात हवालदार होतो. जुलैमधल्या एका रविवारी सकाळी फोन आला, की लोकांनी एका सायकलवाल्याला धरून ठेवले आहे, लवकर या. मी आणि एक शिपाई मोबाइल व्हॅन घेऊन गेलो. वाटेच्या पहिल्या वळणावर चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा चिखलात बसला होता. एक हात दुसऱ्या हाताने धरलेला आणि चेहरा पांढरा पडलेला. बाजूला महागडी सायकल आडवी पडली होती. वाटेच्या बरोबर मध्ये गुडघ्याएवढा शेंदूर लावलेला दगड एका अंगाला कलला होता. शेंदरावर टायरचा काळा पट्टा उमटला होता.

लोक ओरडत नव्हते, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणारा जमाव थकतो, गप्प उभा असलेला थकत नाही. पुढे उभा असलेला मंडळाचा एक कार्यकर्ता म्हणाला, "आमच्या देवावर गाडी घातली याने. केस घ्या, नाहीतर आम्ही बघतो."

पंचनाम्याआधी शिपायाने बूट काढले. मीही काढले. आमच्या घरात देव्हारा नाही, आम्ही विहारात जाणारे लोक. पण जमावासमोर पोलिसाने असले फरक दाखवायचे नसतात, हे नोकरीत लवकर कळते.

मुलाला आधी दवाखान्यात नेले. गळ्याजवळचे हाड मोडले होते. हात झोळीत बांधून दुपारी ठाण्यात आणले, तोवर वस्ती आवारात येऊन बसली होती. मुलाचे वडील बाकावर, हातात मुलाचे हेल्मेट. मुलाला परदेशातल्या कंपनीत नोकरी लागली होती आणि व्हिसाचे काम चालू होते. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा एकदा नावावर चढला की ते सगळे संपले, हे वडिलांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते. ते काही मागत नव्हते, फक्त कुणीही बाजूने गेले की उठून उभे राहत होते.

जबाबात मुलगा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. बोर्ड वाचला होता, बांबू ओलांडला होता, ते चुकलेच. पण गेल्या रविवारी वळणावर दगड नव्हता. अचानक समोर आला, ब्रेक लावला आणि चाक घसरले.

उलट वस्तीतले जबाब घेतले तर प्रत्येकाचे वेगळेच. कार्यकर्ता म्हणाला, देव स्वयंभू आहे. दुसरा म्हणाला, तीस वर्षे जुना. एक म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई या देवाला नारळ फोडायच्या. मी सगळे लिहून घेतले. माणसे खोटे बोलत होती असे मला तेव्हाही वाटले नाही. देव समोर दिसला की त्याला इतिहास असणारच, असे त्यांनी धरून घेतले होते.

सीनियर साहेब मला आत बोलावून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काहीतरी ठोस आण. नाहीतर मला केस घ्यावी लागेल. बाहेरची गर्दी वाढतेय."

ठोस गोष्ट ठाण्याच्या दारातच मिळाली. कोपऱ्यावर पूजेच्या सामानाचे दुकान आहे. ठाण्यातल्या तसबिरीचा रोजचा हार तिथूनच येतो. दुकानदाराने मला चहाला थांबवले आणि आवाज खाली आणून सांगितले, की आठवड्यापूर्वी एक माणूस शेंदूर घेऊन गेला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने असा प्रश्न विचारलेला त्याने ऐकला नव्हता.

"काय विचारलं?"

"शेंदूर कशात कालवायचा म्हणून. अहो, ज्याच्या घरात देव आहे तो हे विचारेल का?"

माणूस त्याच्या ओळखीचा होता. वस्तीतल्या पोरांचे संध्याकाळी फुकट क्लास घेणारे मास्तर. मीही त्यांना ओळखत होतो. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, विहाराच्या पडवीत फळा लावून गणित शिकवणारे, शांत, स्वच्छ सदऱ्यातले. दुकानदार बोलत होता आणि मी चहाचा कप तसाच खाली ठेवला, कारण मास्तर आमच्यातले होते.

त्यांना ठाण्यात बोलावले. मागच्या खोलीत बसवले, पाणी दिले. चौकशीचा माझा अनुभव असा, की सराईत माणूस आधी बोलतो आणि सरळ माणूस आधी गप्प बसतो. मास्तरांनी आधी पेल्यातले सगळे पाणी संपवले. मग म्हणाले, कुणी ठेवला ते कशाला शोधता, सायकली थांबल्या की नाही तेवढं बघा.

मी त्यांना शेंदराचे सांगितले. कशात कालवायचा हे त्यांनी विचारले होते, ते सांगितले. त्यांनी डोळे मिटले.

"आमच्या घरात शेंदूर कधी आलाच नव्हता, साहेब."

"माझ्याही नाही, मास्तर," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. त्यानंतर त्यांनी जी मान खाली घातली, तशी पकडलेल्या चोरानेही माझ्यासमोर कधी घातली नव्हती. परक्या पोलिसापुढे त्यांना इतके जड गेले नसते. मलाही तिथून उठून जावेसे वाटले. पण खुर्ची सोडता येत नव्हती.

मग त्यांनी सगळे सांगितले. वस्तीतल्या चाळीच्या जिन्यात लोक थुंकायचे. पाटी लावली, दंड लिहिला, काही झाले नाही. मग कुणीतरी भिंतीवर देवांच्या टाइल्स लावल्या आणि जिना एका दिवसात स्वच्छ झाला. त्या वेळी मास्तरांनी बैठकीत उठून विरोध केला होता. माणसाला भीती घालून शिस्त लावायची नाही, समजावून लावायची, असे ते म्हणाले होते. पण भिंत बसल्यावर त्यांनी सायकलवाल्यांना समजावून पाहिले. पोरे हसली, एकाने त्यांचा व्हिडिओ काढला. वनविभागाकडे माणूस कमी होता. बांबू दोनदा नाल्यात फेकला गेला.

"आणि ठाण्यात?" मी विचारले.

"तीनदा आलो होतो. प्रत्येक वेळी सांगितलं, ही वनविभागाची हद्द, तिकडे जा. बोर्ड सरकारचा होता साहेब. त्याला कोणी भ्यायलं नाही. मग एका पहाटे नाल्यातला दगड वर नेला."

कोणी तरी त्यावर सायकल घालेल, हाड मोडेल, हे त्यांच्या मनात आले नव्हते. देव दिसला की माणूस थांबतो, एवढेच त्यांना माहीत होते. वेगात उतरणारा माणूस थांबू शकत नाही, याचा विचार गणित शिकवणाऱ्या माणसाने केला नव्हता.

मी त्यांना मुलाच्या व्हिसाचे सांगितले. जबाब लिहून सही घेतली तर काम झाले असते, बाकी साहेबांनी पाहिले असते. पण मास्तर उठले आणि स्वतःच आवारात गेले. मी मागोमाग गेलो. लोक उभे राहिले, पोरांनी वाट दिली.

"तो देव नाही," ते म्हणाले. "नाल्यातला दगड आहे. मी आणला, मी शेंदूर लावला. या मुलाला सोडा."

कार्यकर्त्याने त्यांना वर-खाली पाहिले. "तुम्ही देव मानत नाही मास्तर, म्हणून असं बोलताय."

हे मी अपेक्षिले नव्हते. खरे सांगूनही माणूस खोटा ठरत होता, आणि तेही त्याच्या धर्मावरून. मास्तरांची नजर पोरांकडे गेली. ज्यांना त्यांनी पाढे शिकवले ती पोरे समोर उभी होती.

तेव्हा त्या आजी पुढे आल्या. त्या कार्यकर्त्याला म्हणाल्या, "गप रे. मास्तर कधी खोटं बोललेत का?" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "साहेब, माझ्या नावचं लिहिलंय ते खोडा. माझी सासू गुडघ्यांनी अधू होती. ती कधी डोंगर चढलीच नाही."

कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. त्यानंतर एकेक जण चपला शोधायला लागला. तासाभरात आवार रिकामे झाले.

मुलाला बंद क्षेत्रात शिरल्याबद्दल वनविभागाकडे दिले, तिथे दंड झाला. मास्तरांविरुद्ध दुखापतीची तक्रार द्यायची का, असे साहेबांनी त्याच्या वडिलांना विचारले. ते मुलाकडे पाहत राहिले. मुलगाच म्हणाला, "नको. मी बोर्ड वाचून गेलो होतो." मास्तरांनी त्याच्यापुढे हात जोडले. त्याला एकच हात हलवता येत होता, तो त्याने वर केला.

दगड मात्र हलला नाही. आमच्या एकाही शिपायाने त्याला हात लावला नाही. मास्तर उचलायला गेले तर त्याच आजींनी त्यांना अडवले. कुणीही ठेवला असो, आता मी हळदकुंकू वाहिलंय, असे त्या म्हणाल्या. लोकांनी तो सरळ करून वाटेच्या कडेला बसवला आणि खाली लाद्या घातल्या.

पुढच्या रविवारी साहेबांनी मला वाटेच्या तोंडाशी उभे केले. सोबत वनरक्षक होता. तीन सायकलवाले आले. बोर्ड आमच्या शेजारी, मी गणवेशात, हातात काठी. एक जण म्हणाला, "काका, दहा मिनिटं. वरून येतो लगेच." मी नाही म्हटले. तो हसला आणि पेडलवर पाय ठेवला. तेवढ्यात मागच्याने त्याचा दंड धरून वळणाकडे बोट केले. दगडावर ताजा हार होता. तिघांनी हेल्मेट काढून लांबूनच हात जोडले आणि सायकली वळवल्या.

मास्तर आपल्या दारात उभे राहून ते पाहत होते. वस्ती वाचली होती. त्यांना हवे होते ते झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दार आतून ओढून घेतले. विहारातला क्लास त्या आठवड्यापासून बंद झाला, तो मी तिथून बदलून जाईपर्यंत बंदच होता.

तपासात गुन्हेगार सापडला की पोलिसाला बरे वाटते. या प्रकरणात मला ज्याचा तपास लागला, तो एक माणूस होता जो कायदा मागायला तीनदा आमच्या दारात आला होता. आम्ही त्याला हद्द दाखवली. शेवटी जे त्याने आयुष्यभर नाकारले, त्याच्याच आधाराला त्याला जावे लागले, आणि ते खोटे आहे हे त्यानेच सगळ्यांसमोर सांगितले तरी ते आमच्या काठीपेक्षा बळकट ठरले. त्या सकाळी सायकलवाले वळून गेल्यावर वनरक्षक मला म्हणाला, चला हवालदार, आपलं काम सोपं झालं. मी हो म्हणालो.