डोळे नसलेला भुंगेरा
स्पिरिटचा वास आला की मला बदलापूरच्या डोंगरातली ती गुहा आठवते. मी कीटकांचा अभ्यासक; सोनिवलीच्या एका शेतकरी काकांनी मला तिथे नेलं होतं. ओल्या दगडाखाली सापडलेला तांबूस भुंगेरा तळहातावर घेऊन मी भिंगातून पाहिलं आणि ओरडलोच, "काका, याला डोळेच नाहीत!" काकांनी बॅटरी बंद केली. "आता तुझे तरी काय कामाचे रं?" त्या मिट्ट काळोखात भुंगेरा मिशांनी चाचपत माझ्या बोटाच्या टोकापर्यंत गेला. तिथेच मी नमुने मारून जपायची स्पिरिटची उघडी बाटली धरली होती. तो थबकला आणि गर्रकन वळून मनगटाकडे धावला. शेवटी मी त्याला बाटलीत टाकलंच, नव्या प्रजातीच्या वर्णनात 'डोळे नाहीत' असं लिहिलंही. पण बाटली त्याला दिसली होती, हे मला आजवर कुठेच लिहिता आलेलं नाही.