हळदीची चिंधी

ब्राह्मणपुरीच्या सुकलालमामाच्या पागोट्यात हळदीत रंगवलेली एक चिंधी कायम खोचलेली असे. लोक म्हणत, नजर लागू नये म्हणून आहे. मी कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही, कारण खरं सांगायचं तर माझीच फजिती सांगावी लागली असती.

मामा गुळव्या होता. उसाच्या रसात आंबटपणा असतो. चुन्याचं पाणी घालून तो मारला नाही तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. चुना जास्त झाला तर काळा पडतो. रसाचा एक थेंब जिभेवर ठेवून मामा चुन्याचं माप सांगायचा. चार गावांची गुऱ्हाळं त्या जिभेवर चालत.

अडतीस सालच्या भाद्रपदात त्याला ताप आला आणि जाताना चव घेऊन गेला. हे फक्त सुंदरमामीला ठाऊक होतं. नाताळच्या सुट्टीत मी पुण्याच्या कॉलेजातून आलो, तेव्हा त्यानं मला गोठ्यात नेऊन सांगितलं, "मन्ही जीभ मरी गयी, भाचा. परवा मगन पाटलानी पहिली कढई शे."

हंगामातल्या पहिल्या कढईचा गूळ अख्ख्या गावात वाटायची आमच्याकडे रीत. तो बिघडला असता तर घरोघरी कळलं असतं, आणि मामाला पुन्हा कुणी कढईजवळ उभं केलं नसतं. मला फार वाईट वाटलं. पण त्याहून जास्त मला माझं रसायनशास्त्र दाखवायची घाई झाली होती.

वही काढली. ठरावीक आम्लाला ठरावीक चुना, ना कमी ना जास्त. रसातल्या आम्लाचा आकडा पुस्तकातून घेतला, समीकरण मांडलं, चुना तोलून पाण्यात कालवला. घागरभर रस घरीच आटवून पाहिला. गूळ बसलाच नाही. बोट लावलं तर बोटच चिकटलं.

मामानं टोपलीतला चुना चिमटीत चुरला. "तुन्हं गणित खरं व्हई. पन चुना शिळा शे."

मला राग आला. चुना म्हणजे काय भाकरी, शिळा व्हायला? पुस्तकाचं पुढचं पान उलटलं, तर तिथंच लिहिलेलं: उघड्यावर राहिलेला चुना हवा खाऊन निकामी होतो. ही टोपली दिवाळीपासून उघडी होती. आणि रस तरी पुस्तकातला कुठं होता?

मामी हसत होती. ती घरी कुंकू करायची. चुना लागला की हळद लाल होते हे तिच्या हातालाच माहीत. तिनं हळदीची चिंधी आणली. "तुन्ही चोपडी ठेव बाजूले. रसलेच इचार."

कढईच्या दिवशी पहाटे मामा मला घेऊन सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळावर गेला. घागरभर ताजा रस घेतला. तोच शिळा चुना पाण्यात ढवळून पळीपळीनं घालत गेलो, प्रत्येक पळीनंतर चिंधीवर थेंब. सात पळ्यांपर्यंत चिंधी पिवळीच. आठव्या पळीला लाल. म्हणजे आठवी जास्तीची, सातवर थांबायचं. कढई चाळीस घागरींची. सात चोक अठ्ठावीस, म्हणजे दोनशेऐंशी पळ्या. पस्तीस पळ्यांचा एक तांब्या, म्हणून आठ तांबे. हे गणित मीच केलं, तेवढीच माझी अब्रू राहिली.

मामानं चिंधी पागोट्यात खोचली आणि कढईत आठ तांबे पडले. दुपारी ढेप साच्यातून निघाली ती केशरी, टणक. मगन पाटलानं तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. मग पोरंबाळं, म्हातारे, सगळे तुटून पडले.

मामानंही खडा जिभेवर ठेवला आणि हळूच मला विचारलं, "गोड शे का?"

"खूप गोड शे, मामा."

तो खाणाऱ्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मंग माले बी गोड लागना."