पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

मी तापट बाई आहे. आमच्या सरकारी दवाखान्यात कुणालाही विचारा, औषधाच्या रांगेत घुसणाऱ्या सरपंचालासुद्धा मी मागे पाठवलं आहे. त्यामुळे ज्या दिवशी माझं तोंड उघडायला हवं होतं त्या दिवशी मी घाबरले होते, असं म्हणायची सोय मला नाही.

सुरुवात बिल्ल्यांपासून झाली. एक तरुण डॉक्टरीण वर्षभरासाठी आमच्याकडे आली होती. तिनं पुठ्ठ्याचे बिल्ले कापले आणि गोंदियाहून लॅमिनेट करून आणले. कुणाच्या बिल्ल्यावर 'मला ती म्हणा', कुणाच्या 'मला तो म्हणा', आणि खाली जरा मोठ्या अक्षरांत, 'तुम्हाला काय म्हणू?' आम्ही पोट धरून हसलो. ड्रेसिंग करणारा आमचा ब्रदर मिशीला पीळ देत म्हणाला, "मॅडम, माह्या मिशा कमी पडून राहिल्या का?" मीही म्हणाले, पन्नाशी आली, दोन बाळंतपणं झाली, आता मी बाई आहे हे छातीवर लावून फिरायचं तेवढं राहिलं होतं! डॉक्टरीण चिडली नाही. "सिस्टर, बिल्ला तुमच्यासाठी नाहीच," ती म्हणाली, "ज्याची सांगायची हिंमत होत नाही त्याच्यासाठी आहे." पोरीचं मन मोडू नये म्हणून मी तो लावला.

आठवड्यातच ती पेशंट आली. टीबीच्या गोळ्या माझ्या खोलीतून मिळतात. नवेगाव बांधच्या पलीकडच्या जंगलातल्या गावची, तिशीच्या आतली, फिकट सलवार-कमीज, तोंडावर ओढणी गच्च धरलेली. आठवडी बाजारात सुकी मासळी विकायची. हातात थुंकीचा रिपोर्ट होता आणि आधार कार्डावर नाव होतं पुरुषाचं. तिनं माझा बिल्ला वाचला. परत वाचला.

"बाई, खरंच सांगू का?"

"सांग ना. त्यासाठीच तर टांगलाय."

तिनं एक नाव सांगितलं. ते तिनं स्वतःच ठेवलं होतं. घरी ते कुणी घेत नव्हतं. "माय नाई घेत," ती म्हणाली. "मनते, मले ते नाव येतच नाई."

रजिस्टरात आधारवरचंच नाव लागतं, तिथे माझं काही चालत नाही. पण तिच्या उपचार कार्डाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं तिचं नाव लिहून ठेवलं. दारात येऊन त्याच नावानं हाक मारायची. शाळेत बक्षिसासाठी नाव पुकारल्यावर मुलगी उठते तशी ती बाकावरून उठायची. दोन महिने एक खाडा नाही. खोकला कमी झाला, गाल जरा भरले. एकदा पानात बांधून माझ्यासाठी बाजारातले सुके झिंगे घेऊन आली. पेशंटकडून काही घ्यायचं नसतं म्हणून मी तिच्यावर खेकसले, आणि घरी फुलचूरला नेऊन चवीनं खाल्ले.

खरं म्हणजे नावाचं हे दुखणं मला नवं नव्हतं. माझ्या आजोबांचं जन्माचं नाव म्हणजे शिवीच होती. आमच्या माणसांना तसलीच नावं ठेवायची रीत होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी नवं नाव घेतलं. दवनीवाड्याकडे आमचं गाव, तिथले जुने मालगुजार मात्र जुन्याच नावानं हाका मारायचे. आजोबा वळायचे नाहीत. दहा हाका मारा, मान हलायची नाही. कामावरून काढलं तरी नाही वळले. ही गोष्ट मी लहानपणी त्यांच्या मांडीवर ऐकली आणि पुढे माझ्या मुलांना छाती फुगवून सांगितली.

मग पाहणी ठरली. जिल्ह्याहून साहेब येणार होते. आदल्या दिवशी मोठे डॉक्टर माझ्या खोलीत आले. "सिस्टर, ये सब निकालो. कल सिर्फ नेमप्लेट दिखनी चाहिए. और कार्ड पे फालतू कुछ लिखा नहीं चाहिए." तरुण डॉक्टरीण रजेवर होती. मी बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला. खोडरबर घेतलं आणि कार्डाचा कोपरा स्वच्छ केला. नोकरी जाणार नव्हती. चार लोकांत आपलं काम चोख दिसावं, साहेबांनी शाबास म्हणावं, एवढाच माझा मोह.

दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या शेजारी उभे राहिले. रजिस्टर पडताळायचं म्हणून म्हणाले, एकेकाला नावानं बोलवा. बाकं भरलेली होती. तिचा नंबर तिसरा. ती समोरच बसली होती आणि माझ्या छातीकडे, रोज बिल्ला असायचा त्या जागेकडे बघत होती. मी रजिस्टरातलं नाव पुकारलं. ती हलली नाही. मी परत पुकारलं, मोठ्यानं. साहेबांनी घड्याळ बघितलं. तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि तिसऱ्यांदा तेच पुरुषाचं नाव घेतलं.

सगळी बाकं तिच्याकडे वळली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. शेजारची बाई सरकून बसली. ती उठली, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता फाटकाबाहेर चालत गेली. तिच्या गोळ्या टेबलावरच राहिल्या.

तेव्हाच मागे धावायला हवं होतं. मी साहेब गेल्यावर धावले. बसथांब्यावर कुणी नव्हतं. पाहणीत आमच्या खोलीला चांगला शेरा मिळाला.

तिच्या गावच्या आशा कार्यकर्तीला दोनदा तिच्या घरी पाठवलं. पोरगी छत्तीसगडात दुर्गकडे कामाला गेली, एवढंच कळलं. मी फोन लावला. माझा आवाज ऐकला आणि तिनं फोन ठेवला. पुन्हा तो लागला नाही. बिल्ला मी पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी परत लावला होता, पण आता तो कुणाला दाखवायचा?

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या आईनं तिला जीपमध्ये घालून आणलं. अंगावर मांस उरलं नव्हतं. दोन्ही फुप्फुसं गेली होती. कागदाप्रमाणे तिला पुरुषांच्या वॉर्डात टाकत होते, तिथे मी भांडले आणि कोपऱ्यातली वेगळी खोली मिळवली. आता भांडून काय उपयोग होता! मी तिच्या कानाशी वाकून तिच्या नावानं हाक मारली. कितीतरी वेळा मारली. तिनं डोळे उघडले नाहीत. ती शुद्धीवर नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. मला आजोबा आठवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मनगटाला चिठ्ठी बांधायचं काम माझं होतं. चिठ्ठीवर कागदावरचंच नाव लिहावं लागलं. लिहून मी गाठ मारली.

तिची आई भिंतीला टेकून बसली होती. जंगलात राबलेली, सुकलेली बाई. चिठ्ठीकडे बघत म्हणाली, "बाई, दवाखान्यात माह्या लेकरानं कोणतं नाव सांगितलं होतं?"

मी सांगितलं.

"मले येत नाई मनत होती मी. लबाड बोलत होती. लाज वाटत होती मले लोकायची." ती उठून खाटेजवळ आली. "तुमी मना. मी तुमच्या मागून मनते."

मी ते नाव घेतलं. तिनं माझ्यामागून घेतलं. मग एकटीनंच, लेकीच्या केसांवरून हात फिरवत, पुन्हा घेतलं. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्या नावानं तुमी हाक मारली का ती उठून येत होती?"

"हो," मी म्हणाले. "लगेच यायची."

पाहणीच्या दिवशी मी कोणत्या नावानं हाक मारली होती, हे मी तिला सांगितलं नाही.