सिग्नलला थांबणारे काका

"सीपीआर घेतलं?"

आमच्या इमारतीतून सकाळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागे. विचारताना काका स्वतःच्या शर्टाच्या डाव्या खिशावर दोन बोटं आपटत. सीपीआर म्हणजे बहरीनमधलं ओळखपत्र, बँकेच्या कार्डाएवढं. काका आधी ते खिशात घालत आणि मग पायात चपला. एकदा मी म्हटलं, "काका, खाली कोल्ड स्टोअरमधून दुधाची पिशवी आणायला चाललेय फक्त."

"दूध आणताना माणूस बदलतो का, पोरी?"

मी निमूट तीन मजले चढून कार्ड घेऊन आले.

तुम्ही आखाती देशात कधी राहिला असाल, तर असा एखादा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. आमचे काका बहरीनच्या गुदैबिया भागातल्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्याच्या एका खोलीत राहत. मूळचे साताऱ्याकडचे. एका गॅरेजच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर. बहरीनमध्ये तीस वर्षं काढलेली. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन कराडला. मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला. माझी शाळेची बस आणि त्यांची कंपनीची पिकअप एकाच मोठ्या रस्त्यावरून सुटत, म्हणून रोज सकाळी आम्ही बरोबर चालत जायचो. वाटेत एक सिग्नल लागे.

तो सिग्नल काकांचा जिवाभावाचा. लाल माणूस दिसला की ते फुटपाथच्या कडेपासून एक पाऊल मागे उभे राहत. हिरवा लागला तरी लगेच उतरत नसत. ओठांतल्या ओठांत "एक, दोन, तीन" म्हणत आणि मग पाय टाकत. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, तो रस्ता इतका रिकामा असतो की मांजरं मधोमध बसून अंग चाटतात. तेव्हाही काका उभे.

"काका, एकही गाडी नाही."

"गाडी नाही. दिवा आहे ना."

आमच्या शेजारून लोक हसत पलीकडे जायचे. मीही मनातल्या मनात हसायचे, पण थांबायचे.

त्यांच्या खोलीत भिंतीवर गणपतीची तसबीर होती आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, पोलिसांकडून मिळालेलं गुड कंडक्ट सर्टिफिकेट. कुठल्याशा कामासाठी त्यांनी ते काढलं होतं. काम झाल्यावर फाइलला लावायचं सोडून त्यांनी त्याला काच बसवून आणली. अरबी अक्षरांवर बोट ठेवून ते सांगत, "यात लिहिलंय, या माणसाविरुद्ध काही नाही. तीस वर्षांत माझं नाव इथल्या कुठल्या वहीत गेलं नाही." उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची. सर्टिफिकेटला जरा कमी.

नव्या भाडेकरूंची शाळा तेच घेत. एकाने जिन्यात पान थुंकलं, तर काका काही न बोलता बादली आणि ब्रश घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. "तू घास. मी पाणी ओततो." रमझानमध्ये दिवसा पाणी प्यायचं असेल तर स्वतःच्या खोलीची खिडकी लावून, पडदा ओढून मग पीत. "आत कोण बघतंय?" असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खिडकी."

शुक्रवारी संध्याकाळी कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे खालच्या किराणा दुकानाच्या, बाहेर चहा व्हायचा. विषय ठरलेला: गुन्हे वाढलेत, आणि ते कोण करतं. ज्याची सायकल गेली तो एका देशाच्या लोकांना नावं ठेवी, ज्याचा गॅस सिलिंडर गेला तो दुसऱ्या देशाच्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक पुण्याचे इंजिनिअर राहत. ते सगळ्यांत मोठ्याने बोलत. "या लोकांना वागायचं कसं कळतच नाही. बाहेरच्या देशात येऊन असा धुडगूस घालायचा?" पुढच्याच आठवड्यात तेच इंजिनिअर थायलंडची सहल करून आले. तिथे बीचवर पिऊन मित्रांनी कसा दंगा केला, एकाने भाड्याची स्कूटर दुकानात कशी घुसवली आणि पोलिसाला कसं हसत हसत गुंडाळलं, ते रंगवून सांगू लागले. सगळे हसले. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तिकडंसुद्धा एखादं असं चहाचं दुकान असंल की, साहेब," ते म्हणाले. "आत्ता तिथं बसून कोणीतरी सांगत असंल, या इंडियन लोकांना वागायचं कळत नाही."

इंजिनिअर हसले, पण ते वाक्य त्यांनी मनात ठेवलं, हे मला पुढे कळलं.

काकांना पोलिसांचा धाक होता म्हणावं, तर तसं नव्हतं. गस्तीची गाडी दिसली की ते सलाम करत, आणि आतला शिपाईही ओळखीने हात करी. धाक होता तो नाव लिहिलं जाण्याचा. तरुणपणी त्यांच्या खोलीतल्या एकाची कुठेतरी मारामारी झाली. पोलिसांनी बाकीच्यांना नुसतं काय पाहिलंत ते विचारलं आणि सोडून दिलं. पण ठेकेदार घाबरला आणि त्याने खोलीतल्या आठही जणांना घरी पाठवून दिलं. पुन्हा बहरीनला यायला काकांना दोन वर्षं लागली; ती तीस वर्षं त्यानंतरची. "आपण खरं बोललो की खोटं, ते कुणी बघितलं नाही," ते म्हणत. "वहीत नाव आलं, खलास."

आता त्या दुपारकडे यायला हवं. मी बराच वेळ इकडचं तिकडचं सांगत बसले आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

हिवाळ्यातला शनिवार होता. आम्ही दोघं भाजी घेऊन परत येत होतो. चार वाजले होते, ऊन तिरपं होऊन थेट रस्त्यावर आलेलं. सिग्नलपाशी थांबलो. हिरवा माणूस लागला. काकांनी तीन मोजले आणि खाली उतरले. मी पिशवीचा हात बदलायला क्षणभर मागे राहिले, आणि वळणावरून आलेल्या पांढऱ्या गाडीने त्यांना उडवलं. गाडी वेगात नव्हती. ते गुडघ्यावर पडले आणि मेथीची जुडी रस्ताभर पसरली.

गाडीतून एक बहरीनी बाई उतरल्या. अबाया घातलेल्या, चाळिशीच्या, शाळेत शिक्षिका आहेत असं नंतर समजलं. त्या रडत होत्या. "ऊन होतं डोळ्यांवर. मला दिवा दिसलाच नाही," एवढंच त्या इंग्रजीतून पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आणि काका रस्त्यावर बसून, गुडघा धरून, त्यांची समजूत घालत होते. "नो क्राय, मॅडम. माय मिस्टेक. मफी मुश्किल." काही हरकत नाही, असं त्यांच्या मोडक्या अरबीत.

ट्रॅफिकचा पोलीस आला. वयाने तरुण, शांत. मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, "बाबा, सिग्नल कौन सा था?"

"लाल था, साहब. मेरा मिस्टेक."

पोलिसाने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा काकांकडे. "इतनी जल्दी अपनी गलती बोलने वाला आदमी मैंने नहीं देखा," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "सिस्टर, तुमने देखा? डरना नहीं. जो देखा, वही बोलो." त्याने पेन कागदावरून उचललं आणि तो थांबला. अगदी पुरेसा वेळ थांबला.

काका खालून माझ्याकडे बघत होते. त्यांनी खिशावर दोन बोटं आपटली.

मी म्हणाले, "रेड था."

भीतीने म्हणाले असं लिहिणं सोपं आहे. पण त्या माणसाच्या चेहऱ्यात भिण्यासारखं काही नव्हतं. काकांच्या खुणेसाठी म्हणाले असं लिहिणं तर आणखी सोपं. खरं असं की त्याच महिन्यात माझा व्हिसा रिन्यू व्हायचा होता. हिरवा म्हटलं तर प्रकरण वाढेल आणि साक्षीला माझं नाव लागेल, म्हणून तेवढ्या वेळात मला तो आठवला.

काकांना वाटलं होतं, चूक आपली म्हटली की प्रकरण तिथेच मिटेल. पण पोलिसाने सगळं व्यवस्थित लिहून घेतलं. पादचाऱ्याने लाल दिवा असताना रस्ता ओलांडला. खाली काकांचं नाव, सीपीआरवरून बघून, एकेक अक्षर जुळवून. मग मान्य असल्याची सही. काका त्या कागदाकडे बघत राहिले. तोवर त्यांचा गुडघा किती सुजलाय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बहुधा त्यांच्याही नाही.

हॉस्पिटलात त्या शिक्षिका भावाबरोबर दोनदा आल्या. खजुराचा डबा, कॉफीचा थर्मास. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. "मला झोप येत नाही," त्या म्हणाल्या. "मला सारखं वाटतं, त्यांचा दिवा हिरवा असेल. तुम्ही पाहिलंत ना?"

एकदा दिलेलं उत्तरच मी पुन्हा दिलं. त्यांनी डोळे मिटून अल्लाचे आभार मानले आणि माझा हात घट्ट धरला. तो हात मी काढून घेतला नाही.

काका प्लास्टर घालून घरी आले. त्या शुक्रवारी चहाला त्यांना खुर्ची दिली. इंजिनिअर वाटच बघत होते. "काय काका, आम्हाला इतकी वर्षं सिग्नल शिकवलात आणि स्वतः लालमध्ये उतरलात? कोणत्या देशाचे लोक असं करतात हो?"

सगळे हसले. काकाही हसले. "वय झालं, साहेब. दिसत नाही नीट."

मी तिथेच होते. माझ्या हातात चहा होता आणि मी तो पीत राहिले.

नंतर त्यांच्या खोलीत गेले तर गणपतीशेजारी भिंतीवर एक फिकट चौकोन आणि खिळा. सर्टिफिकेट उतरवलेलं. मी म्हटलं, "काका, असल्या गोष्टीने त्या कागदाला काही होत नाही. ते देतात त्या ऑफिसात मी विचारून आलेय."

"कागदाला नसंल होत. लिहिलंय ना पण कुठंतरी."

"मग चला, आपण जाऊन खरं सांगू. तो पोलीस चांगला होता, ऐकेल."

त्यांनी मान हलवली. "आणि तू खोटी साक्ष दिली म्हणून तुझं नाव लिहितील. एक गेलं तेवढं पुरे."

मला हायसं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर सकाळी "सीपीआर घेतलं?" असं विचारणं बंद झालं. कुणी जिन्यात थुंकलं तर ते स्वतःच पुसत. इमारतीतली मुलं सिग्नल तोडून पळायची आणि आईने दटावलं की म्हणायची, "बट अंकल ऑल्सो डिड." काका ते ऐकून पुढे जात. गुडघा पुरता बरा झालाच नाही. गोदामात दिवसभर उभं राहणं जमेना. सहा महिन्यांनी कंपनीने त्यांना निरोप दिला.

विमानतळावर सोडायला मी एकटीच गेले. पासपोर्ट हातात, सामानात ती चौकट जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. आत जाताना ते वळले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हिरवा होता ना गं? मी तीन मोजले होते ना? इतक्यांदा लाल म्हटलं, आता मलाच नीट आठवत नाही."

"हिरवाच होता, काका. मोजले होते तुम्ही."

"मग झालं." त्यांनी सवयीने खिशावर बोटं आपटली. खिसा रिकामा होता, कार्ड रद्द झालेलं. ते जरा हसले आणि लंगडत आत गेले.

या वर्षी त्यांच्या मुलीचा कराडहून फोन आला. काका झोपेतच गेले होते. डायरीत माझा नंबर सापडला म्हणून तिने कळवलं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, एक विचारू? बाबा इतके शिस्तीचे. मग लाल सिग्नलला रस्ता कसा ओलांडला त्यांनी? आम्ही कितीदा रागावलो त्यांच्यावर. म्हणायचे, माझीच चूक, तिथं बरोबर कुणी नव्हतं."

बरोबर कुणी नव्हतं. साताऱ्याला जाऊनसुद्धा त्यांनी माझं नाव कुठे येऊ दिलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. सगळं, व्हिसासकट. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "बरं झालं सांगितलंत," म्हणाली आणि फोन ठेवला. तिने पुन्हा केला नाही, आणि मीही नाही.

अजून मी त्याच इमारतीत राहते, त्याच सिग्नलवरून जाते. शुक्रवारी रस्ता रिकामा असतो. लोक माझ्या शेजारून पलीकडे जातात, मी एक पाऊल मागे उभी असते. त्या दिवशीचा कागद आता कुठल्या कपाटात असेल, कोण जाणे. तिथे जे लिहिलंय त्याखाली मी हो म्हटलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवते. मी तिथे होते. दिवा हिरवा होता, आणि त्यांनी तीन मोजले होते.