बोंडल्यावर वाढलेलं करडू

माझं माहेर खांडबाऱ्याकडचं, डोंगराजवळचं. सासर प्रकाशाच्या अलीकडे, तापीकाठी. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधी माझं लग्न झालं. पहिल्या दिवाळीहून परत निघाले तेव्हा बापाने गाडीत एक गाभण बकरी चढवून दिली. मी म्हटलं, "तिकडे दारात म्हशी आहेत, हिचं काय काम?" तो म्हणाला, "तुला सोबत होईल."

सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. बकरी पाहून त्यांनी पदर नाकाला लावला आणि एवढंच म्हणाल्या, "गोठामा नको." मग मी तिला मागच्या पडवीत बांधलं.

माघात ती व्याली. दोन करडं झाली. तिसऱ्या दिवशी पाहते तर कासेची डावी बाजू सुजून दगडासारखी झालेली. कुणी तोंड लावलं की बकरी लाथ झाडायची. थोरलं करडू दांडगं होतं, त्याने उजवा सड धरला तो सोडेचना. धाकटी मादी होती, चिमणीएवढ्या तोंडाची. ती बिचारी ढुशा खाऊन खाऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

गावाच्या बकऱ्या चारायला नेणारी एक भिल्ल आजी होती, तिला मी बोलावून आणलं. तिने कास दाबून पाहिली. पिवळट, गाठी झालेलं दूध निघालं. म्हणाली, "हे रोज पिळून फेकायचं, गरम पाण्याच्या फडक्याने शेकायचं. आणि धाकटीला तू पाज. म्हशीचं दूध जड, निम्मं पाणी घाल. थोडं थोडं पाज, नाहीतर पोट फुगेल."

घरात कापूस हवा तेवढा. त्याचा बोळा दुधात भिजवून तिच्या तोंडात दिला. तिने दूध चोखलं आणि बोळाही गिळायला लागली. बोट घालून तो कसाबसा बाहेर ओढला. वाटीने पाजलं तर निम्मं माझ्या लुगड्यावर. तेव्हा मला फडताळातलं बोंडलं आठवलं. तान्ह्या मुलाला दूध पाजायची ती चोचीची छोटी वाटी, चांदीची. आत्यांनी ती होणाऱ्या नातवासाठी घासूनपुसून ठेवली होती. नातवाचा अजून पत्ता नव्हता. मी विचार केला, तोवर ते रिकामंच पडून आहे.

आत्या दर्शनाला प्रकाशाला जायच्या, तेवढ्यात मी पाजून, धुऊन ते जागेवर ठेवायचे. चार-पाच दिवस असं चाललं. एकदा त्या लवकर परत आल्या. मी पडवीत मांडी घालून बसलेली, मांडीवर करडू, हातात बोंडलं.

"काय करी ऱ्हायनी तू?"

मी उठायला गेले आणि हात हलला. दूध भसकन तिच्या घशात गेलं. ती खोकायला लागली, नाकातून दूध आलं.

आत्या ओरडल्या, "मन्हा नातूनं बोंडलं!" पण लगेच खाली बसल्या, करडू ओढून घेतलं आणि त्याचं तोंड खाली करून पाठीवर थापट्या मारल्या. ते शिंकलं, मग ओरडलं. माझ्या जिवात जीव आला.

"इतली मान वर करशी त मरी जाई ती," त्या म्हणाल्या. "दे आठे."

त्यांनी मान सरळ धरली, चोच तोंडाच्या कडेने लावली आणि थेंब थेंब सोडू लागल्या. शेपूट नुसती भिरभिरत होती. मी भीत भीत विचारलं, "आत्या, तुम्हाला हे कसं येतं?"

"माले दूधच नव्हतं उनं," त्या म्हणाल्या. "तुन्हा नवरा बी यान्हावरच वाढेल शे. त्यानी बी अशीच लाळ गळे."

मला हसू आवरेना. आत्या आधी रागाने पाहत राहिल्या, मग त्याही हसल्या. इतकं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून पाजायचं काम त्यांनी माझ्याकडून काढूनच घेतलं. मी फक्त बकरीची कास शेकायचे. तिचा उजवा सड चांगला राहिला, डावा आटला. धाकटी मात्र आत्यांनाच आई समजू लागली. त्या विहिरीवर गेल्या की ही मागे, देवळात गेल्या की पायरीवर उभी. नवरा जेवायला बसला आणि पडवीतून ओरडणं ऐकू आलं की आत्या भाकरी तव्यावर टाकून उठायच्या. तो माझ्याकडे पाहायचा. मी पदरात तोंड लपवायचे.

उन्हाळ्यात ती बाभळीच्या शेंगा, तुरीचा पाला खायला लागली आणि दूध आपोआप सुटलं. पुढच्या वर्षाच्या शेवटी तिलाही दोन करडं झाली. आत्या सकाळी उठून आधी पडवीत गेल्या, खाली वाकून कास नीट चाचपली आणि मला हाक मारली, "ये वं, दोन्ही सड चांगला शेत!" मग त्यांनी शेजारीपाजारी गूळ वाटला. बकरी व्याली म्हणून गूळ वाटणारं आमचं घर त्या गावात पहिलंच असावं.